निळ्या खुणा

निपाणीत सकाळी पावणेदहाला
स्टाफरूममध्ये तंबाखूचा वास येतो.
आत येणारा प्रत्येक जण एकदा शिंकतो
आणि कॉलेज सुरू होतं.

माझ्या वाट्याला तेवीस मुलं, मेंटॉर म्हणून.
रजिस्टरात रकाने: तारीख, समस्या, सल्ला, सही.

श्रीशैल कमते, बी.कॉम., चौथं सेम,
दोन विषय मागे, हजेरी एक्केचाळीस टक्के.
त्याला लिहिलं, "आपण त्वरित संपर्क साधावा."
दोन निळ्या खुणा.
आठवड्यानं, "अंतिम सूचना."
दोन निळ्या खुणा.
मग जरा मवाळ होऊन, हसरा चेहरा चिकटवून,
"काही अडचण आहे का?"
खुणा निळ्या. पलीकडे गप्प.

या पिढीला बोलायलाच नको, मी म्हणाले.
सगळ्यांनी माना हलवल्या.
मान हलवायला काय लागतं.

"तो फोन त्याचा न्हाईच की, मॅडम,"
झेरॉक्सच्या रांगेत सुषमा पाच्छापुरे म्हणाली,
"त्याच्या आईचा हाय. वखारीत असत्यात त्या.
गोकाककडच्या. मराठी वाचाय येत न्हाई त्यास्नी."

म्हणजे माझी प्रत्येक ओळ
तंबाखूनं पिवळ्या झालेल्या बोटानं उघडली होती,
कॉलेजचा शिक्का ओळखून,
आणि फी मागत असतील म्हणून
पगाराच्या दिवसापर्यंत
पोरापासूनही लपवून ठेवली होती.

अठरा वर्षं मी या राज्याचा पगार घेते.
माझं कन्नड बसच्या पाटीपुरतं, भाजीपुरतं.
त्या रात्री चार वेळा पुसून
पाचव्यांदा बोलून पाठवलं:
"अव्वा, ऊट आयता? नानू श्रीशैलन टीचर.
फी ब्याड. हुडुग ब्याकु."
फी नको, पोरगं हवंय,
एवढंच जमलं.

उत्तर चौदा सेकंदांचं:
पंख्याची घरघर, कुणाचा तरी खोकला,
आणि आठ-दहा बायकांचं एकदम हसू
माझ्या व्याकरणाला.

सोमवारी तो दारात.
"मॅडम, तुमचं कन्नड लई वाईट हाय."
"बस," म्हटलं.
प्रश्न सुचत होते, जिभेवर रांग लावून.
एकही सोडला नाही.
खिडकीबाहेर संकेश्वरची बस लागली,
भरली, सुटली.
मग तो टेबलाच्या कडेला नखानं खरवडत म्हणाला,
"अकाउंट्स कळतंय मला.
इंग्रजीतला प्रश्न कळंना."

शुक्रवारी प्राचार्यांची सही.
सल्ल्याचा रकाना अजून कोरा आहे.
समस्या: भाषा.
कुणाची,
ते लिहायला रजिस्टरात जागा नाही.