शेरा

काट्यावर चढण्याआधी
ईशान देवरे खिसे रिकामे करतो.
दोन गोट्या, खोडरबर, ओळखपत्र, कमरेचा पट्टा,
सगळं माझ्या तळहातावर.
मग श्वास रोखून धरतो,
जणू हवाही भरेल काट्यात.

सहावी ड, पाथर्डी फाटा.
"सर, हळू सांगा."
मागच्या वर्षी मी मोठ्यानं सांगितलं होतं.
वर्ग हसला. मीही, थोडासा.

तक्ता वरून येतो. उंची, वजन, शेरा.
शेऱ्यात लिहायचं: आहार कमी, व्यायाम जास्त.
दरवर्षी शिक्का मारावा तसं लिहीत आलो.
यंदा पेन अडलं.

पीटीचा तास दिवाळीपासून शेवाळेबाईंकडे आहे,
अपूर्णांकांसाठी, उसना.
उसनी नेलेली वाटी तरी परत येते.
मैदानावर नवी इमारत,
उरलेल्या पट्ट्यात शिक्षकांच्या गाड्या.
माझीही.
शाळेमागचा भूखंड नकाशात अजून हिरवा,
बालक्रीडांगणासाठी राखीव.
तिथे लॉन्स आहे. हळदी, साखरपुडे, रात्री फटाके.
ईशान तिथे एकदाच धावलाय,
मावशीच्या लग्नात,
खुर्च्या मांडायच्या आधी.

फाटकाबाहेर सरला पगारे.
पाच रुपयांच्या पुड्या, चमचमत्या माळा.
तिचाच धाकटा पाचवीत आहे.
"दाणे-गूळ ठेवते की सर,
पण पाचात बसवून दाखवा.
पुड्यांसाठी कंपनी रॅक फुकट देते.
शेंगदाण्याला कोण देतं?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मी एक पुडी घेतली. खाल्लीही.

हे सगळं ईशानच्या नावापुढे लिहिलं.
रकाना पुरेना, समासात गेलो,
मग कागदाच्या पाठीवर.

आठ दिवसांनी तक्ता परत:
"शेरा मोजक्या शब्दांत द्यावा.
विद्यार्थ्याविषयी द्यावा."

म्हणजे मैदान विद्यार्थ्याविषयी नाही.
गाडा नाही, नकाशा नाही, गणिताचा तासही नाही.
विद्यार्थ्याविषयी फक्त विद्यार्थी,
तोही श्वास रोखलेला.

शनिवारी शाळेसमोरची गल्ली एक तास अडवली.
एका टोकाला माझी स्कूटर आडवी,
दुसऱ्या टोकाला सरलाचा गाडा.
वॉर्ड ऑफिसातला अर्ज अजून तिथेच आहे,
परवानगी तोंडी.
समोरच्या बंगल्यातल्या खैरनार आजोबांनी
कुरकुरत गाडी हलवली
आणि नंतर गॅलरीतून,
कुणी न विचारता,
पंचगिरी करत राहिले.

फरशीचे सात तुकडे, एक रबरी चेंडू.
ईशान उशिरा आला.
कडेला उभा राहिला बराच वेळ.
मग माझ्याजवळ येऊन, सवयीनं,
गोट्या, खोडरबर, ओळखपत्र
माझ्या तळहातावर.
पट्टा तेवढा ठेवला.

"इथं काटा नाही रे," मी म्हणालो.

"माहितेय," तो म्हणाला,
"पळताना पडतात."