काकरडी खुर्द

उत्तरेला गंभीर नदी. फेब्रुवारीत ती म्हणजे
दगडांमधली ओल, आणि ओलीत बसलेल्या म्हशी.
पूर्वेला हातोदचा डांबरी रस्ता.
पश्चिमेला गव्हाचं काळं रान, मग एक मुरमाड उंचवटा
ज्याला इथे डोंगर म्हणतात.
दक्षिणेला काय, ते मला कळेना.
मी लिहिलं, शेत.

नजरी नकाशा पेन्सिलीनं काढायचा असतो.
पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण,
चिंचेला चिन्ह नाही.
तरी मी चिंच काढली,
पत्ता सांगताना सगळे तिच्यापासूनच सुरू करतात.

खुर्द आहे म्हणजे कुठेतरी बुजुर्ग असणार.
दुलेसिंग पटेल म्हणाले, होतं, तलावात गेलं.
त्यांचा भाऊ म्हणाला, नव्हतंच कधी,
कुणा कारकुनानं लिहून टाकलं.
मी निघाले तेव्हा दोघांचा आवाज चढला होता.

घरं एकशे सदतीस. कुलपं एकोणीस,
किल्ल्या पीथमपूरला, कारखान्याच्या कपड्यांच्या खिशात.
माणसं सहाशे बारा.
मातृभाषेच्या रकान्यात मालवी, मालवी, मालवी,
नाल्यापलीकडे भिलाली,
आणि घर क्रमांक नव्वद,
यादोराव बोबडे, शिंपी, वय एक्क्याऐंशी, एकटे.
म्हणाले, "मराठी लिखो."
मी म्हटलं, माझीही तीच, इंदूरला रामबागेत राहते.
"अच्छा? तो बोलो कुछ."
मला काही सुचेना.
शेवटी विचारलं, चहा झाला का?
ते मशीनचं चाक हातानं थांबवून
बराच वेळ हसत राहिले.
"झाला," म्हणाले. मग पुन्हा, "झाला, झाला."

फेरतपासणीला दोन मार्चला गेले.
नियम असा: एक मार्च, शून्य वाजून शून्य मिनिटं.
त्या क्षणी जो होता, तो आहे.
यादोराव एकच्या पहाटे गेले.
मशीनवर अर्धा शिवलेला शाळेचा सदरा,
बाही एकच.
त्यांचं नाव खोडायचं नव्हतं. मी खोडलं नाही.
कागदावर काकरडीत एक मराठी माणूस आहे,
पुढच्या गणनेपर्यंत.

तीन दारं सोडून कंवरबाईच्या सुनेला
त्याच पहाटे मुलगी झालेली.
ओसरीत ओव्याच्या धुरीचा वास.
मी समजावलं, हिला लिहिता येणार नाही,
चार तास उशीर झाला.
पर्यवेक्षकांना फोन लावला, तेही तेच म्हणाले.
कंवरबाईनं सगळं ऐकून घेतलं.
"तो या अबी आई नी?"
म्हणजे ही अजून आलेलीच नाही?
आणि फडक्यात गुंडाळलेलं ते पोर
सरळ माझ्या मांडीवर, फॉर्मच्या गठ्ठ्यावर ठेवलं.
डोकं धरायला हात लागतो.
मी पेन खाली ठेवलं.