शेळी सापडली का

खरोशाच्या डोंगराखाली, लेण्यांच्या वाटेवर
लिंबाजीमामाचं कातडं कमवायचं कुंड आता कोरडं.
तळाला चुन्याचा कडक थर,
त्यात कुणीतरी टाकलेली बाटली.

मी पिशवीतून फोटो काढला:
मृत समुद्राकाठच्या गुहेतला चामड्याचा तुकडा,
दोन हजार वर्षांचा,
कडा वाळवीनं खाल्ल्यासारख्या.
शिबिरात पंधरा दिवस शिकवलं होतं आम्हाला
हिब्रू कुठली, अरामी कुठली,
शाई काजळीची की कशाची.

मामानं अक्षरांकडं बघितलंच नाही.
फोटो उन्हात तिरका धरला,
अंगठा फिरवला, हा कागद आहे हे विसरून.
"शेळी," म्हणाला. "वर्साच्या आतली.
केसाच्या अंगावर लिवलंय.
चुन्याचं काम न्हाई ह्ये, पिठाचं असंल."
शिबिरातल्या बाईंना एवढं सांगायला
अख्खी दुपार लागली होती.

मग मी गोष्ट सांगितली.
शेरडं राखणारा एक पोरगा,
त्याची एक शेळी कड्यावर चढून दिसेनाशी झाली,
त्यानं गुहेच्या तोंडात धोंडा भिरकावला
आणि आत मडकं फुटल्याचा आवाज आला.
रांजण होते. रांजणात गुंडाळ्या.
देवाची वचनं, पंथाचे नियम,
पंगतीत कुणी कुणाच्या आधी बसायचं, इथपर्यंत.
त्या आधी पोचल्या एका चांभाराच्या दुकानात...

"चांभाराच्या?" मामा सावरून बसला.
"मंग? कापल्या?"
नाही, म्हटलं. त्यानं ओळखलं, हे वहाणांचं कातडं नव्हे.
"वळखणारच की."
बराच वेळ तो चंची चाचपत राहिला.

"आन् शेळी?"
कुठली?
"जिच्यापायी ह्ये समदं. सापडली का?"

मला आठवेना. माझ्या वहीत नव्हतं.
तोच हसला मग, दात नसलेलं:
"एक हुडकाय गेला, शेकड्यानं गावल्या.
अंगभर लिवल्याल्या."

मी दाखवलं त्याला,
आधी बोथट टोकानं ओळ ओढायचे.
अक्षरं ओळीवर बसत नाहीत,
ओळीखाली लोंबतात, आपल्यासारखीच.
फक्त चालतात उजवीकडून.
"निजामाच्या कागदावानी," मामा म्हणाला
आणि उठून आत गेला.

आला तो हलगी घेऊन.
"भूकंपाच्या साली ढिगाऱ्यात एक गुंडाळी गावली हुती.
आणणारा म्हनला, घर गेलं, घरातलं समदं गेलं,
तू बघ हिचं काय हुतंय का.
मुंगळ्यावानी अक्षरं. कुण्या बाजूनं चालल्याली, काय की.
म्या भिजत घातली.
तीन दिस काळं पानी निघत हुतं."
त्या साली हलगीला गिऱ्हाईक नव्हतं.
मयतं इतकी, की वाजवणारेही त्यातच.
"तरी ताणली कड्यावर. हाताला काम पायजे हुतं."

वाचायला कुणाला दाखवली नाहीस?
"कुणाला दावू? कोन हुतं?"

चार चिपाडं पेटवून त्यानं हलगी शेकली.
कातडं आवळत गेलं, करकरलं.
एकच थाप मारली त्यानं.
लेण्यांकडून ती परत आली, जरा उशिरानं.

मी मोबाईलच्या उजेडात आतली बाजू बघितली.
एक सरळ ओरखडा, या काठापासून त्या काठापर्यंत.
ओळ असेल. किंवा मामाच्या रापीची खूण.
त्याखाली काही लोंबत नव्हतं.

"दिसलं काय?" मामानं विचारलं.
कुंडापलीकडं कुणाचीतरी शेळी बाभळीला पाय लावून
शेंगा ओढत उभी होती.