काच पुसू नये

रुवीच्या गल्लीत, पैसे पाठवायच्या दुकानाला लागून
बीरान कोयाचं दुकान. जुने कॅमेरे, बंद पडलेली घड्याळं,
काउंटरवर खोबरेलाची बाटली; कशाला, ते विचारलं नाही.
मी गेलो होतो झूम घ्यायला,
हातभर लांब, पांढरी,
क्वार्टरमधल्या तामाणेकरकडे आहे तशी.
तो तिला सिलिंडरसारखी खांद्यावर मारून
डोंगर चढतो, आणि लांबून बकऱ्या टिपतो.

कोयाने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे.
"चालतोस किती?"
"शुक्रवारी. तीन-चार किलोमीटर."
"मग चालत जवळ जा," म्हणाला,
आणि खालच्या कप्प्यातून काढली
पस्तीसची एक, हाताने फिरवायची, कडेला पोचा आलेली.
अठरा रियाल. घासाघीस करून सोळा.

वर एक रबरी फुगा फुकट,
शिंकरल्यासारखा आवाज करणारा.
वाळू फुंकायची, घासायची नाही.
वाऱ्यात लेन्स उघडायची नाही,
तान्ह्याला न्हाऊ घालताना लावतो तसं
आधी दार लावून घ्यायचं.
आणि एसीतून बाहेर आलास की काच धुरकटेल.
पुसू नकोस. थांब.
"किती वेळ?"
"ते काचेला विचार."

सूर. ऑगस्ट. सकाळचे साडेसहा.
गाडीचं दार उघडल्याबरोबर लेन्सवर
भाताच्या झाकणावर धरते तशी वाफ.
हात रुमालाकडे गेला. परत आणला.
समोर खाडी, पलीकडे ऐजाचा दीपस्तंभ,
अलीकडे ओंडक्यांवर टेकवलेलं अर्धं गलबत, बरगड्या उघड्या,
आणि मला नुसतं बघत बसण्यावाचून काम नाही.

सुवैद नावाचा म्हातारा सुतार
फळ्यांच्या शिवणीत तेलातला कापूस ठोकत होता.
सरकून त्याने सावलीत जागा केली.
कॅमेऱ्याकडे बोट: "खराब?"
"नाही. थांबलोय."
हे त्याला पटलं.
त्याच्या हिंदीला सागाचा वास होता;
बाप म्हणे मंगळूरहून लाकूड आणायचा.
आल्याचा चहा झाला. दुसरा झाला.
काच कधी निवळली, माझं लक्षच नव्हतं.

मग त्याने हात पुढे केला. दिला.
एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. "धुकं."
"गेलं की आता," मी म्हणालो.
तो काही बोलला नाही. त्याचा अंगठा
आपणच शोधत गेला, बारीक फट चाचपतो तसा,
आणि डोळ्याच्या खिडकीशेजारी सापडलं
दातेरी चाक, नखाएवढं,
जे मी दोन वर्षं स्क्रू समजत होतो.
टक. टक. टक. टक. टक.

आणि तो स्तब्ध.
मग गुडघे टेकून फळीजवळ गेला,
लेन्सची कडी पुढेमागे फिरवत
खिळा न् खिळा कॅमेऱ्यातून बघू लागला.
एका ठिकाणी थांबला.
"हा वाकडा आहे," म्हणाला.
"रमजानपासून इथे आहे. कोणी बोललं नाही मला."
खट्. बटण दाबलं गेलं की दाबलं, कळलं नाही.

दिवसभर हिंडलो. जाळी विणणारे,
निळ्या दारात बसलेली पोरं (विचारून),
भरतीला एका रांगेत मान वळवणाऱ्या होड्या.

रात्री खोलीत एक्केचाळीस फोटो पाहिले.
चाळीस पुसट. चाक तसंच राहिलेलं,
दिवसभर मी त्याच्या डोळ्याने फोकस करत होतो
आणि चूक उन्हावर ढकलत होतो.
एक तेवढा लखलखीत:
वाकड्या खिळ्याचं डोकं, त्याच्याभोवती तेलाचा डाग.

कोयाला फोन केला. तो आधी हसला.
मग म्हणाला, चष्म्याचा नंबर असा निघत नाही,
तरी माझा मेहुणा आहे, दोन दुकानं सोडून,
त्याला सांगून बघ.

मधल्या खुणेपासून पाच खाचा.
पावतीच्या मागे लिहून ठेवल्यात.
चाक अजून परत फिरवलेलं नाही.