सतरा मिनिटं

आमच्या शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि नद्या सगळ्या रस्त्यांखाली, पाइपांत.
वूचमध्ये याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.
मी बोलते, कारण गेले तीन आठवडे
आमचा एकेक पाय एकेका डगरीवर आहे
आणि खाली पाणीसुद्धा नाही.

एक प्रोसेसर सहा कोअरचा.
कॅशे ऐसपैस, वीज मोजूनमापून पिणारा,
खेळात एक फ्रेम निसटू देत नाही म्हणतात.
दुसरा चौदा कोअरचा, सहा तगडे, आठ हरकामे,
काम दिसलं की सगळे मिळून तुटून पडतात
आणि तापतात असे
की कूलर वेगळा घ्यावा लागेल, दोनशे झ्लॉटीचा.
किंमत दोघांची जवळपास सारखी.
हीच पंचाईत.
स्वस्त-महाग असतं तर पाकिटानंच निवडलं असतं.

झेनोन ट्राम चालवतो, पहाटेची पाळी.
कुठे वळायचं ते रुळांनी ठरवलेलं.
संध्याकाळी पडद्यावर तो चिखलातून रॅलीची गाडी हाकतो,
ऐन वळणावर चित्र अडखळतं,
आणि त्याच्या तोंडून जे निघतं
ते ट्रामच्या प्रवाशांनी ऐकू नये.

मी लोकांना त्यांची अजून न झालेली स्वयंपाकघरं दाखवते.
ओकच्या फळ्या, पितळी मुठी,
खिडकीतून सकाळचं खोटं ऊन.
जुन्या यंत्रावर एक चित्र शिजायला चाळीस मिनिटं.
गिऱ्हाईक म्हणतं, मुठी काळ्या करून बघू या?
की पुन्हा चाळीस.

दुकानातला ब्लाझेय, कानात तीन बाळ्या, नखं कुरतडलेली.
त्यानं कागदावर दोन रकाने पाडले.
"गेम जास्त, की काम जास्त?"
डॉक्टर विचारतो ना, दुखतं कुठे, तसं.
झेनोन म्हणाला, काम.
मी म्हणाले, गेम.
ब्लाझेयनं पेनाला टोपण लावलं.
"घरी जाऊन भांडा. शनिवारी सातपर्यंत उघडं असतं."

भांडलो नाही, तेच वाईट.
झेनोननं रात्री जागून तक्ता केला:
वॅट, झ्लॉटी, मदरबोर्ड,
याच सॉकेटात पुढे किती वर्षं नवी चिप बसेल.
तळाशी लाल अक्षरांत: चौदाचा घेऊ.
हालश्काचं चित्र, नऊ मिनिटं.
शेजारच्या रकान्यात सतरा.

मी त्या नवाकडे बघत राहिले.
चाळीस मिनिटांत काय काय होतं, ते तक्त्यात नव्हतं.
पंखा घरघरला की तो आपसूक सुरी घेतो,
सफरचंद सोलतो, साल अखंड, कुठेही न तुटता,
आणि सांगतो, शेवटच्या थांब्यावर कोण झोपलेलं सापडलं,
कुणाचा एकच हातमोजा राहिला.
आईचा फ्लॅट विकायचा नाही
हे आम्ही एका हिरव्या ओट्याच्या वेळी ठरवलं.
मूल होणार नाही, हे
पांढऱ्या कपाटांच्या. तेव्हा गिऱ्हाइकानं
चार वेळा रंग बदलला, बरं झालं.
नऊ मिनिटांत सफरचंद सोलून होतं.
बोलून होत नाही.

शनिवारी पावणेसातला एकटीच गेले. उणे अकरा.
ब्लाझेय शटरला हात लावून उभा.
सहाचा द्या, म्हणाले.
त्यानं एक भुवई उचलली. "कामासाठी?"
हो. कामासाठी.

घरी सांगितलं, विजेचं बिल बघ.
आणि तो कूलर म्हणजे
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
झेनोननं तक्ता उघडला, बिलाचा रकाना तपासला.
माझं गणित चुकलं होतं, लहान पोराला दिसेल इतकं.
तो काही बोलला नाही.
चिप बसवली, खटका दाबला,
पेस्ट वाटाण्याएवढी काढली
आणि ती पसरायला हाताला येईल ते उचललं.
मी ओरडले, अरे, ती नको,
ती सुरी सफरचंदाची.