बी

गोणीतून सहा अक्षरं त्यांनी गाळ्याच्या फरशीवर ओतली
तेव्हा ती खिळ्यांसकट वाजली, एक कोळी पळाला.
पी, ए, एल, ए, सी, ई.
दीड फुटी, पत्र्याची, पोटात विझलेले दिवे,
एका ए-चा पाय वाकलेला.
घणसोलीत रस्त्याला लागून सतरा वर्षं
मढवींचं लॉज होतं. आता तिथे कसलंसं गोदाम आहे.

"पोरगी बायांना गाडी शिकवनार हाय," म्हणाले,
"स्कूटर बी, चारचाकी बी.
असं नाव शोध का ही सगली त्यात बसतील.
पत्रा चांगला हाय. टाकवत नाय."

मी अक्षरामागे साडेसातशे घेते.
मराठी पाटी असली की लोक विचारतात,
मात्रेचेही लावता का?
लावते. अनुस्वार सोडते.

दहावीला इंग्रजीत मी पस्तीसवर सुटले.
पण बंद पडलेल्या दुकानांची नावं तुर्भ्याला माझ्याकडेच परत येतात,
आणि जुनं नाव कुठल्या नव्या नावात
अख्खं मावतं, हे बघायची खोड लागली.
एक वही आहे. शब्द दिसला की आधी
त्याची अक्षरं वर्णक्रमाने उभी करायची,
प्रार्थनेला उंचीप्रमाणे मुलं करतात तशी.
ए, ए, सी, ई, एल, पी.
रांगेत कुणाचंच नाव ओळखू येत नाही.
नाव म्हणजे एवढंच,
कोण कुणाच्या शेजारी उभं आहे.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून खाली बसले.
प्लेस झालं, एक ए उरलं.
लेस झाली, पी बाहेर, पुन्हा एक ए बाहेर.
एन आणि टी घातलं तर प्लॅसेंटा,
सहाच्या सहा आत.
तो शब्द मला बाळंतपणाच्या दवाखान्याने शिकवलेला:
वार, बाळामागून येते ती.
गाडी शिकवणारीच्या दारावर कशी लावू?

सरकवताना सी-ला पाय लागला.
हात लावून कपाळाला नेला, सवयीने.
सरस्वती इंग्रजीतही बसते का, कुणाला विचारणार.

मग मांडणीतून एकेक अक्षर काढून
मधे ठेवत गेले. आर ठेवलं, काढलं.
डी ठेवलं, एस ठेवलं. चहा गार झाला.
वर्कशॉपवाल्या शेजाऱ्याने जाताना विचारलं, "पत्ते लावतेयस?"
साडेआठला बी ठेवलं
आणि बाकीची आपसूक सरकल्यासारखी सरकली.
सी, ए, पी, ए, बी, एल, ई.
वहीत पुन्हा मोजलं. कुणीही बाहेर नव्हतं.

सकाळी दर्शना वडिलांना मागे बसवून आली.
मढवींनी दोन्ही हातांनी मागचा दांडा धरलेला,
उतरल्यावरही बोटं तशीच वळलेली.
तिने फरशीवर वाचलं आणि हसली. "केपेबल!"
"म्हंजे?"
"म्हंजे जिला जमतं ती."
ते अक्षरांभोवती एक फेरी फिरले.
वजनकाट्याकडे बघावं तसं बघत.
"नवीन किती लागली?"
"एक बी."
"बीचा बी पैसा?"

दर्शना तोंड फिरवून हसत राहिली. मी पण.
ते मात्र हसले नाहीत.
"बी तं आमी घरचंच ठेवायचो," म्हणाले,
"कनगीत, राख लावून.
इकत आनला नाय कवा."
बाहेरून एक कंटेनर गेला, तो जाईपर्यंत कुणी बोललं नाही.
मग खिशातून पाचशे काढले, मग दोनशे.
मी पन्नास सोडले. अनुस्वाराचे म्हणून.

पाटी चढली त्या दिवशी मी घणसोलीत होते.
रंग एकच दिलाय, तरी उन्हात
नवा पत्रा कुठला ते कळतं.
मढवी खालून ओरडून विचारत होते,
वाकड्या पायाचा ए कुठं घातला?
चौथ्या जागी, म्हटलं.
बी-ला टेकून.