एका श्वासाने उशिरा

नारिनच्या वरच्या कुरणात
दोन ट्रकांमध्ये चादर ताणून सिनेमा लावला होता.
मध्येच स्पीकर फुस्स.
पडद्यावर बहिरे नवरा-बायको
हातांनी भांडत होते,
खालची अक्षरं वाऱ्यानं चुरगळलेली.

मागून कानिशाय हसली.
तेच हसणं,
ज्यानं घोड्या गाभडतात म्हणायचे.

सगळ्या माना वळल्या.
माझीही. लहानपणी तिची नक्कल
माझ्याइतकी हुबेहूब कुणाला जमत नसे.

म्हाताऱ्या ओरोझबेकनं हनुवटी उडवून विचारलं,
काय म्हणतेय ती बाई?

कानिशायनं ओठावर बोटांची मिशी काढली,
मग मागे शेपूट,
मग चिखलात घसरणं.

आम्ही हसलो,
एका श्वासाने उशिरा.

स्पीकरची तुटकी वायर
ऑपरेटरच्या मांडीवर तशीच राहिली.